फॉन्टेन्स डी.सी.ची गाणी स्टेजवर पेटतात ती कशामुळे?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही नाशिकचे चौघं, मराठीत रॉक करतो. डब्लिनचा फॉन्टेन्स डी.सी. हा बँड सध्या आमच्या डोक्यात बसलाय. गायक धड गात नाही, बोलतो. गिटारला सोलो नाहीत, कॉर्ड मोजक्या. तरी त्यांचे लाइव्ह व्हिडिओ बघताना अंगावर काटा येतो. आमच्याकडे चाली आहेत, सोलो आहेत, वाजवणारे तयारीचे आहेत, आणि गिगला लोक मोबाइल बघत बसतात. हे लोक गाणी लिहितात कशी, वाजवतात कशी? आम्ही नेमकं काय बदलावं? आणि क्लिकवर (म्हणजे कानात मेट्रोनोमची टकटक ठेवून) वाजवायचं की नाही?"

उत्तर लांब होणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी पुण्यात असताना बेस वाजवायचो, आता डब्लिनला असतो. दिवसा नोकरी आणि आठवड्यातल्या काही रात्री छोट्या व्हेन्यूंमध्ये साउंड डेस्क. या बँडचा साउंड मी कधी केलेला नाही. पण त्यांच्यासारखं व्हायला निघालेली पोरं माझ्या डेस्कसमोरून सतत जात असतात, त्यामुळे त्यांच्यातलं काय उचलता येतं आणि काय उचललं की नुसती नक्कल होते, याचा बऱ्यापैकी अंदाज आलाय.

आधी एक दुरुस्ती. त्यांचा गायक ग्रियन चॅटन गात नाही असं नाही. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे आणि शब्द ज्या लयीत तोंडातून निघतात त्याच लयीत तो ते सुरावर ठेवतो, म्हणून आपल्याला वाटतं हा बोलतोय. २०२४च्या 'रोमान्स' अल्बमपर्यंत आलात तर तो चक्क गळा लावून गाताना दिसेल. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: त्यांच्या गाण्यात शब्द चालीवर बसवलेला का वाटत नाही? कारण बहुतेक वेळा चालच शब्दातून निघालेली असते. मला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे, बाकी सगळं याच्यामागून येतं.

हे पाच जण, म्हणजे गायक चॅटन, गिटारवर कार्लोस ओ'कॉनेल आणि कॉनर कर्ली, बेसवर कॉनर डीगन आणि ड्रम्सवर टॉम कॉल, डब्लिनमधल्या बिम या संगीत कॉलेजात भेटले. सूत जुळलं ते मात्र कवितेवरून. पबमध्ये बसायचं, एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या, मतं द्यायची. त्यातून त्यांनी दोन छोटे संग्रह स्वतःच छापले. एकावर अमेरिकेतल्या बीट कवींची छाप, दुसऱ्यावर आयरिश कवींची. म्हणजे पाचही जणांना ओळ कशी तोलायची ते कळत होतं, फक्त गायकाला नाही. आपल्याकडच्या बँडमध्ये शब्द हे एकट्या गायकाचं खातं असतं आणि ड्रमर शेवटच्या गिगपर्यंत दुसरं कडवं नीट ऐकत नाही. मी हे ड्रमरना चिडवायला लिहीत नाहीये. (थोडंसं लिहितोय.)

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. डब्लिनबद्दल एवढ्या हक्काने लिहिणाऱ्या या पाचांपैकी एकही जण शहराच्या पोटात वाढलेला नाही. चॅटन स्केरीजचा, म्हणजे डब्लिनच्या उत्तरेला किनाऱ्यावरचं गाव. डीगन आणि कॉल पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतले, कर्ली मोनॅहनचा, ओ'कॉनेल माद्रिदमध्ये वाढला. शहरात राहायला आले, लिबर्टीज या जुन्या कामगार वस्तीत वावरले, आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या कानांनी तिथलं बोलणं ऐकत बसले. स्थानिक माणसाला आपल्या गल्लीतला हेल ऐकूच येत नाही, नव्याने आलेल्याला तो टोचतो. त्यांच्या गाजलेल्या 'बॉइज इन द बेटर लँड'मधला टॅक्सीवाला घ्या. इंग्रजांवर खार खाणारा, सिगारेटसुद्धा आयरिश ब्रँडचीच ओढणारा. दोन ओळींत अख्खा माणूस उभा राहतो, कारण तो कुठल्यातरी मागच्या सीटवर बसून ऐकलेला आहे.

पहिला अल्बम 'डॉगरेल' एप्रिल २०१९मध्ये आला. ओबडधोबड, रस्त्यावरच्या यमकांना जे म्हणतात तेच त्याचं नाव. त्यात चॅटनने स्वतःच्या हेलात गायलंय, आणि इथे ते वाटतं तितकं साधं नव्हतं. वर्षानुवर्षं आयर्लंडमधलेही अनेक रॉक गायक माईकसमोर आले की अर्धे अमेरिकन होत. याआधी डब्लिनच्याच गिला बँडने (तेव्हाचं त्यांचं नाव गर्ल बँड) बऱ्याच पोरांना दाखवून दिलं होतं की स्वतःच्या आवाजात किंचाळलं तरी चालतं. फॉन्टेन्सने त्या मोकळिकीत गल्लीतली भाषा आणली. त्या वर्षी हा अल्बम ब्रिटनमधल्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या यादीत गेला आणि बीबीसीच्या ६ म्युझिक या रेडिओ वाहिनीने तो वर्षातला सर्वोत्तम ठरवला.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही पाठवलेली तीन गाणी ऐकली. वाजवणं खरंच तयारीचं आहे. पण मला पैज लावून सांगता येईल की तिन्ही गाण्यांत आधी रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी आकृती) झाला, मग त्यावर "ना ना ना" करत चाल आली आणि शब्द शेवटी भरले. रिफ तुम्ही ज्या गाण्यांवर वाढलात त्या इंग्रजी गाण्यांच्या तालाचा. इंग्रजीत एका अक्षरावर ठोका पडतो आणि बाकीची अक्षरं त्याच्याभोवती आक्रसतात. मराठीत तसा ठोका नाही; तिथे महत्त्व अक्षराच्या लांबीला. मग होतं असं की तुमच्या दुसऱ्या गाण्यात "पाऊस"मधला शेवटचा "स" ठोक्यावर येतो आणि ऐकणाऱ्याला शब्द कळायला अर्धा सेकंद उशीर होतो. चार ओळींत असं चारदा झालं की तो मोबाइल काढतो. कंटाळा आला म्हणून नाही, शब्द सुटले म्हणून.

उलट्या दिशेने जाऊन बघा. एक ऐकलेलं वाक्य घ्या, लिहिलेलं नको. सिटी बसमधल्या कंडक्टरचं घेऊ: "दारात उभं राहू नका, पुढं सरका." मोठ्याने म्हणा, कंडक्टर म्हणतो तसंच. "दारात उभं राहू" हे एका दमात धावतं. "नका"वर आवाज ताणला जातो, तो "का" लांब असतो आणि किंचित वर चढतो. मग एक श्वास. आणि "पुढं सरका" झटक्यात खाली येतं. हे बोलणं आयतंच आठ मात्रांत बसतंय. बेसवाल्याने पूर्ण वाक्यभर वाजवायचं नाही. फक्त "दा", "का" आणि "पु" या तीन जागी सूर ठेवायचा. ड्रमरने त्या श्वासाच्या जागी काहीही करायचं नाही, हे त्याला सगळ्यात जड जाईल. "सरका" संपल्यावर जी रिकामी जागा उरते तिथे गिटारने उत्तर द्यायचं, तेही छोटं. आता हे वाक्य सोळा वेळा म्हणा. आठव्या वेळेपर्यंत तो कंडक्टर राहात नाही. त्या वाक्यात आईवडील येतात, नोकरी येते, शहर येतं. चाल कुणी "बनवली" नाही, वाक्यातच होती.

पुनरावृत्ती म्हटलं की आपल्याकडे लगेच "तेच तेच" अशी तक्रार येते, आणि फॉन्टेन्सचं अर्धं बळ तर पुनरावृत्तीतच आहे. दुसऱ्या अल्बमच्या, 'अ हीरोज डेथ'च्या, शीर्षकगीतात एकच दिलासा देणारी ओळ इतक्या वेळा येते की ती दिलासा राहात नाही, संशय वाटायला लागतो. शब्द तेच, अर्थ सरकतो. याची मुळं पंकमध्ये शोधली जातात, ते ठीक. पण इथे राहिल्यावर मला त्यात आयरिश पारंपरिक संगीतही ऐकू येतं. पबमधल्या सेशनमध्ये गोल बसलेले सगळे वादक एकच धून एकत्र वाजवतात. पहिला भाग आठ मापांचा, तो दोनदा. दुसरा भाग आठ मापांचा, तोही दोनदा. मग पुन्हा पहिल्यापासून. साधारण तीनदा झालं की न थांबता दुसरी धून. कुणीही उठून सोलो घेत नाही. चढत जातो तो जोर आणि एकत्र असण्याचा दाब. टॉम कॉल या संगीतात मुरलेला आहे, त्याने आयरिश पारंपरिक संगीताचं एक संकलनही काढलंय. त्यांच्या गिटारी एकाच आकृतीला चिकटून राहतात ते हात चालत नाहीत म्हणून नव्हे, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

एक गाणं जवळून बघा, 'आय लव्ह यू', २०२२च्या 'स्किंटी फिया'मधलं. हा अल्बम आला तोवर ते लंडनला राहायला गेले होते, आणि देश सोडून आल्याची बोच त्या अल्बमभर आहे. हे गाणं सुरू होतं साध्या प्रेमगीतासारखं: खाली उतरत जाणारा बेस, मोकळी जागा, चॅटन जवळजवळ पुटपुटतोय. हळूहळू कळतं की "तू" म्हणजे आयर्लंड. मग बांध फुटतो आणि तो श्वास न घेता यादी वाचल्यासारखं बोलत सुटतो. राजकारणी, तरुणांच्या आत्महत्या, लहान पोरांची हाडं, सगळं त्यात येतं. ही हाडं म्हणजे कवीची कल्पना नाही. आयर्लंडमध्ये अविवाहित आईंना ज्या संस्थांमध्ये ठेवलं जायचं, तिथल्या शेकडो बाळांच्या बेपत्ता थडग्यांचा प्रश्न या देशाला अजून छळतोय. आता बँड त्या वेळी काय करतो ते ऐका. बेसची आकृती तीच राहते. ड्रम्स घट्ट होतात, गिटारी जाड होतात, पण कुणी त्याच्या शब्दांवर पाय देत नाही. मग सगळं खाली येतं, परत शांत कडवं, परत स्फोट. अख्ख्या गाण्याचा नकाशा म्हणजे दोन चढ. तुमच्या तिसऱ्या गाण्यात पाच भाग, दोन ब्रिज आणि एक लय बदललेला सोलो आहे. ऐकणाऱ्याने कुठे उभं राहायचं?

त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यामागची गोष्टही सांगण्यासारखी आहे, कारण ती त्यांची सामग्री कुठून येते ते दाखवते. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर आयरिश भाषेत "आमच्या हृदयात कायम" असं लिहायचं होतं. चर्चच्या न्यायालयाने २०२०मध्ये परवानगी नाकारली. इंग्रजी भाषांतर सोबत नसेल तर ते राजकीय वाटेल, असं कारण दिलं. पुढच्या वर्षी अपिलात कुटुंब जिंकलं. या बँडने त्यावर भाषण ठोकलं नाही. ती आयरिश ओळच कोरसने पुन्हा पुन्हा म्हणायला घेतली आणि त्यावर गाणं उभं केलं. वर्तमानपत्रातली बातमी घेऊन तिच्यातला एकच दगड वापरायचा, बाकी सगळं सोडून द्यायचं. ही शिस्त मला त्यांच्या कुठल्याही पेडलपेक्षा जास्त शिकण्यासारखी वाटते. तुमच्या शेतकऱ्यांवरच्या गाण्यात कर्ज, पाऊस, सरकार, दलाल, शहर, मुलगी, फास, सगळं आहे. एक ठेवा.

रेकॉर्डिंगबद्दल फार बोलत नाही, पण एवढं हवंच. 'डॉगरेल' निर्माता डॅन कॅरीच्या दक्षिण लंडनमधल्या स्टुडिओत झाला, सगळ्यांनी एकत्र वाजवून, टेपवर. गाणी त्याआधी स्टेजवर घासून निघालेली होती; स्टुडिओत फक्त ती पकडायची होती. दुसऱ्या अल्बमचं काम त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलं, ते पसंत पडलं नाही, आणि परत कॅरीकडे येऊन पुन्हा रेकॉर्ड केलं. पैसे आणि वेळ फुकट घालवायला हिंमत लागते. तो अल्बम पुढे ग्रॅमीच्या सर्वोत्तम रॉक अल्बमच्या नामांकनात गेला. तुम्ही उलटं करता: घरात लॅपटॉपवर प्रत्येक भाग वेगळा रेकॉर्ड करता, सोळा थर चढवता आणि मग चौघं मिळून ते स्टेजवर कसं वाजवायचं याची काळजी करता. गाणं आधी चार-सहा गिग खाऊ द्या. ज्या ओळीला लोक मान वर करतात ती ठेवा. जिथे तुमचाच गिटारवाला दुसरीकडे बघतो तो भाग कापा.

आता माझ्या खुर्चीतला भाग, लाइव्ह.

छोट्या खोलीत खालच्या पट्टीतल्या गायकाचा शत्रू गिटार असते. शब्द कळतात ते साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शन लावलेल्या दोन गिटारी नेमक्या तिथेच पथारी टाकून बसलेल्या असतात. वर ड्रमरच्या झांजा गायकाच्या माईकमध्ये घुसतात. मी आवाज वाढवला की झांजाही वाढतात, आणखी वाढवला की फीडबॅक. फॉन्टेन्सचं जुनं वाजवणं ऐकलंत तर कळेल, गाणं बरंचसं बेस आणि ड्रम्सच्या खांद्यावर असतं. गिटारी अनेकदा वरच्या तारांवर, खणखणीत, रिव्हर्ब घेऊन. जाड भिंत उभी होते ती चॅटन गप्प असताना किंवा तो मुद्दाम भिंतीवर ओरडत असताना. हे साउंडवाल्याने केलेलं नसतं, मांडणीतच असतं. डेस्कवरून मी जागा तयार करू शकत नाही, असलेली जागा फक्त दाखवू शकतो.

त्यामुळे पुढच्या जॅमला एवढं करा: दोन्ही गिटारी कडव्यात एकाच वेळी डिस्टॉर्शनवर नकोत. अँप जमिनीवर असेल तर मागे कलता करा किंवा खुर्चीवर ठेवा. आत्ता तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातोय आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानाचा पडदा फाडतोय. गायकाने माईकची जाळी मुठीत धरायची नाही. दिसायला झकास दिसतं, पण माईकचा स्वभाव बदलतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त गायकाचा आवाज मागा. छोट्या व्हेन्यूत मॉनिटरमध्ये किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस, गिटार सगळं मागणारा बँड स्वतःच स्वतःचा गळा दाबतो.

चॅटनचा स्टेजवरचा वावर सगळ्यांना कॉपी करायचा असतो. येरझाऱ्या घालणं, माईकस्टँड आपटणं, अंगात वीज भरल्यासारखी थरथर, आणि गाण्यांमध्ये जवळपास काहीच न बोलणं. डब्लिनमध्ये प्रत्येक दुसरा गायक आता येरझाऱ्या घालतो; स्टेज रुंदीला आठ फूट, मग बिचारा दोन पावलांत परत वळतो. घ्यायचं तर न बोलणं घ्या. मात्र त्याच्यामागे काम आहे. गाणं संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांनी बांधलेला असतो. एखादा सूर रेंगाळत राहतो, ड्रम्स धरून ठेवतात, प्रेक्षकाला मोबाइल काढायला फटच मिळत नाही. तुमच्या व्हिडिओत मी घड्याळ लावलं: पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्ये ट्यूनिंग, पाणी, "आवाज येतोय ना?", आणि गाणं कशावर आहे याचं भाषण. लोकांनी मोबाइल तिथे काढलाय, गाण्यात नव्हे. सेटलिस्ट जॅमरूममध्ये गाण्यांसारखीच वाजवून बघा, जोडांसकट. गिटारवाला ट्यून करत असताना बेसने पुढच्या गाण्याचा मूळ सूर धरावा. आणि गाणं कशावर आहे ते सांगावं लागत असेल तर चूक गाण्यात आहे.

या तीव्रतेची किंमतही असते. २०१९च्या उन्हाळ्यात अखंड दौऱ्यांनी ते इतके पिचले की तब्येतीमुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले. दुसरा अल्बम संथ आणि अंतर्मुख झाला तो यातूनच. गाडीत बीच बॉइज हा अमेरिकन बँड ऐकत फिरले, आणि त्या अल्बममध्ये गायकामागे जे आवाज गातात त्यांत ते उतरलंय. तुमचा गायक एका रात्रीत दोन सेट तसं ओरडून करतो. सहा महिन्यांत आवाज बसेल. घशाच्या डॉक्टरकडे त्याला आत्ताच दाखवून आणा, मग नाही.

शिवाय ते पहिल्या अल्बमवर थांबले नाहीत, हे विसरू नका. 'स्किंटी फिया'त एक अख्खं गाणं फक्त अकॉर्डियन आणि आवाजावर आहे. पंकवाल्यांनी नाकं मुरडली असतील, मुरडू देत. तो अल्बम ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. 'रोमान्स'साठी त्यांनी निर्माता बदलून जेम्स फोर्डला घेतलं, आणि त्यातल्या 'स्टारबर्स्टर'मध्ये तर धापच हुक, म्हणजे गाण्यातली डोक्यात बसणारी जागा, झाली. चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता, त्यातून ते गाणं निघालं. ओळीच्या शेवटी तो जोरात आत ओढलेला श्वास आहे, तो संगीताचा भाग आहे. डेस्कवरच्या माणसाला यात गंमत अशी की एरवी आम्ही गायकाचे श्वास लपवत असतो. कॉम्प्रेसर बारीक आवाज वर ओढतो, त्यामुळे श्वास नको तितके मोठे येतात आणि आम्ही ते दाबतो. इथे तोच श्वास किकइतका ठळक हवा. असलं काही तुमच्या गाण्यात असेल तर साउंडचेकला येऊन सांगा, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी ते इमानदारीने पुसून टाकेल.

"आयर्लंडमध्ये कलाकारांना सरकार पोसतं, म्हणून जमतं" असंही तुम्ही लिहिलंय. अर्धं खरं. २०२२मध्ये सरकारने २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो देणारी मूळ उत्पन्नाची प्रायोगिक योजना सुरू केली, आणि ती चांगलीच होती. पण फॉन्टेन्स त्याच्या बऱ्याच आधी घडले, आणि घडले त्या शहरात घरभाडं आकाशाला भिडत होतं. लिबर्टीजमधलं टिव्होली थिएटर २०१९मध्ये बंद पडलं आणि तिथे हॉटेल आलं, म्हणजे त्यांचा पहिला अल्बम आला त्याच वर्षी. त्यांना मिळालं ते वेगळंच: एकमेकांच्या गिगला जाणारे, एकमेकांचे अँप उसने घेणारे पाच-सहा बँड. द मर्डर कॅपिटल त्याच काळातले. नाशिकमध्ये तुमच्यासारखे आणखी दोन बँड शोधा. शैली जुळायची गरज नाही. महिन्यातून एकदा तिघांची एकत्र रात्र लावा, ड्रम किट एकच, म्हणजे मधला वेळ वाचेल.

राहिला क्लिकचा प्रश्न. बॅकिंग ट्रॅक (आधी रेकॉर्ड करून सोबत वाजवलेला भाग) असेल तर क्लिक लागेलच, त्याला इलाज नाही. तुमच्याकडे ट्रॅक नाही, मग स्टेजवर नको. 'आय लव्ह यू'सारखं गाणं चढताना किंचित धावावं लागतं आणि खाली येताना बसावं लागतं. सराव मात्र क्लिकवर करा, आणि ड्रमरला सांगा की क्लिक कानात असताना गायकाचे शब्द ओठांनी म्हणत वाजव. ज्या ओळीवर त्याचे ओठ अडखळतील ती ओळ मला पाठवा, बघू काय करता येतं.